अर्ध्या मायक्रॉनची इभ्रत

आमच्याकडे १९८६ची पद्मिनी आहे. आहे म्हणजे अण्णांची आहे, मी फक्त तिचा ड्रायव्हर, क्लीनर आणि बॅटरी उतरली की धक्का मारणारा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळची फियाट ११००ची पोरगी, गिअर स्टिअरिंगला चिकटलेला आणि पुढून मागून भरपूर क्रोम. अण्णा नोकरीत होते तेव्हा रोज निघायच्या आधी पुढच्या बंपरमध्ये वाकून मिशी बघायचे. बंपर गोलसर, त्यामुळे मिशी पार कानापर्यंत गेलेली दिसायची आणि अण्णा खूश होऊन ऑफिसला जायचे.

तर भाच्याचं लग्न ठरलं, गंगापूर रोडला एका लॉन्सवर, आणि ताई फोनवर बोलता बोलता म्हणाली की नवरदेव अण्णांच्या गाडीतूनच येणार. झालं! अण्णांनी गाडीसमोर खुर्ची टाकली, बंपरमध्ये वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले (मला वाटलं कंबर धरली) आणि म्हणाले, "मिशी दिसत नाही रे."

दिसणार कशी, बंपरवर चॉकलेटी पुरळ उठलं होतं. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगला कव्हर्ड पार्किंग नाही, चार महिने पाऊस थेट गाडीवर, आणि मी पुसतो म्हणजे काय तर काचा पुसतो. लग्नाला तीन आठवडे होते.

पहिली आई सरसावली. आईचं माहेर तांबट लेनमधलं, म्हणजे भांडं घासणे या विषयात तिच्यासमोर कोणी बोलायचं नाही. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिने चिंच कोळून, मीठ टाकून बंपरच्या डाव्या टोकाला चोळलं पण होतं. म्हटलं आई, तो देवघरातला तांब्या नाहीये, खाली लोखंड आहे, आंबट आणि मीठ लागलं तर आणखी गंजेल. तर म्हणे, "तुझ्या बारशाचा घंगाळ अजून लखलखतोय, तू तुझ्याकडे बघ." यावर काय बोलणार, पाईप लावून सगळं धुवून काढलं.

मग मी मोबाईलवर बघून पोळ्या गुंडाळायचा फॉइल आणला. ही आयडिया मात्र खरंच भारी आहे. फॉइलचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने घासत राहायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत, आणि गंज मात्र सुटून येतो, चॉकलेटी चिखल होतो नुसता. दोन तासांत अर्धा बंपर चमकायला लागला. जवळून बघितलं तर बारीक काळे खड्डे तसेच होते, पण जवळून कोण बघतंय, नवरदेवाची गाडी लोक लांबूनच बघतात. इथे थांबायला पाहिजे होतं मी.

पण हात सुरसुरत होते. बायको गॅलरीतून म्हणाली पण, "अहो, झालंय छान, आता वर या." मी वर जायच्या ऐवजी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो, पॉलिश पेपर आणला, आणि खड्डे घालवतो म्हणून उजव्या कोपऱ्यावर असा काही घासला की खड्डे गेलेच, सोबत चंदेरीपणा पण गेला आणि खालून पिवळसर झाक आली. अण्णा चष्मा पुसून म्हणाले, "वा! सोन्यासारखा झालाय की." मला पोटात खड्डा पडला. म्हणजे बंपरचे तिथे आले.

अंबड एमआयडीसीत एका प्लेटिंगवाल्याचा पत्ता मिळाला. शेड, ॲसिडचा वास, बफिंग मशीनचा आवाज, आणि आत काळीठिक्कर झालेली दोन पोरं, फक्त डोळे दिसतात. मालकांनी मोबाईलमधला फोटो झूम केला आणि डॉक्टर एक्सरे बघून करतात तसं 'च्च' केलं.

"पेपर मारला का साहेब?"

"थोडासा."

"थोडासाच पुरतो. हे पिवळं दिसतंय ना, ते निकेल. क्रोम गेलं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी शेडमधल्या ड्रमवरच बसलो. म्हणजे खाली लोखंड, त्यावर तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम, आणि हे क्रोम किती तर जेमतेम अर्धा मायक्रॉन, कधी तेवढं पण नाही. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकापेक्षा पातळ! चकाकी खरी निकेलची, क्रोम तिच्यावर ती निळसर झाक चढवतं आणि तिला काळी पडू देत नाही. अण्णांची एवढी वर्षांची इभ्रत अर्ध्या मायक्रॉनवर उभी होती आणि मी तिला पेपर मारला.

साडेआठ हजार सांगितले, दोन्ही बंपरचे. जुना थर ॲसिडमध्ये उतरवायचा, घासायचं, खड्डे तांब्याने भरायचे, परत घासायचं, मग निकेल. क्रोमच्या टाकीत तर काही मिनिटंच, बाकी सगळे दिवस बफिंगचे. वर म्हणाले, बंपर तुम्हीच काढून आणा.

बंपर काढणे हा वेगळाच लेख होईल. चार बोल्टपैकी दोन निघाले, एक तुटला आणि एक अजून निघायचा विचार करत होता म्हणून त्याला गॅस वेल्डिंगवाल्याकडे तापवून आणला. बिनबंपरची पद्मिनी कवळी काढून बसलेल्या आजोबांसारखी दिसते. येणारा जाणारा विचारायचा, "कुठे ठोकली?" अण्णा आठ दिवस खाली उतरलेच नाहीत.

दहाव्या दिवशी मिळणार होते ते पंधराव्या दिवशी मिळाले, पण काय मिळाले! उन्हात धरले तर समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर कवडसा. देताना मालक म्हणाले, "पावसात फिरवली की त्याच दिवशी धुवून कोरडी पुसा, महिन्याला मेण लावा, आणि आतल्या बाजूनं पण लावा, बंपर आतूनच सडतो. आणि पेपर..." मी म्हटलं कळलं कळलं. बसवल्यावर लक्षात आलं की आता जाळी, व्हील कॅप, हेडलाइटच्या रिंगा सगळंच म्हातारं दिसतंय, एका खोलीला रंग दिला की बाकीचं घर कसं दिसतं तसं. तिकडे मी बघितलंच नाही. अण्णा वाकले, मिशी कानापर्यंत गेली, विषय संपला.

लग्नाच्या दिवशी सकाळी फुलवाला आला आणि मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात त्याने ओल्या झेंडूची ही जाड माळ पुढच्या बंपरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेने आवळून बांधली. बंपर दिसेना. साडेआठ हजार झेंडूखाली. काढ म्हणायला गेलो तर मुहूर्ताला उशीर होतोय म्हणून ताई माझ्यावरच ओरडली, आणि व्हिडिओवाल्याने तर म्हणे गाडीचा शॉट मागूनच घेतला.

दुसऱ्या दिवशी माळ सोडली. खाली बरोबर मधोमध तारेचे दोन चरे आणि झेंडूचे पिवळे डाग. अण्णा बघत होते, मी बघत होतो, कोणी काही बोलेना. तेवढ्यात जिन्यातून आईचा आवाज आला.

"चिंच भिजवू का रे?"