गाडीचा चातुर्मास

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात, हे माझ्या गाडीला कोणी सांगितले ते ठाऊक नाही, परंतु गेली तीन वर्षे ती हे व्रत निष्ठेने पाळते आहे. ही गाडी म्हणजे दोन आसनांची, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून चालणारी, जर्मन बनावटीची आणि अर्थातच दुसऱ्या हाताची स्पोर्ट्स कार आहे. पन्नाशी उलटल्यावर माणसाला एकतर अध्यात्माची ओढ लागते किंवा अशा गाडीची. मला दुसरी लागली आणि पहिलीकडे नेण्याचे काम ती गाडीच करते आहे. पुण्यातला पावसाळा, पाण्याखाली दडलेले खड्डे आणि प्रत्येक गल्लीने स्वतःच्या मर्जीने उभारलेले गतिरोधक यांच्यामुळे जुलै ते ऑक्टोबर ती तळघरातल्या पार्किंगमध्ये आच्छादनाखाली पडून असते. उरलेल्या महिन्यांत ती फार धावते असेही नाही, पण निदान कारणे वेगळी असतात.

२०२५ साली आषाढी ६ जुलैला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. म्हणजे दसरा ऐन चातुर्मासात आला आणि वाहनपूजेसाठी देवांना अवेळी उठवण्याचे पातक माझ्याकडून घडले. झेंडूची माळ, हळदकुंकवाची वाटी आणि नारळ घेऊन मी तळघरात उतरलो, आच्छादन ओढले आणि रिमोटचे बटण दाबले. काहीही झाले नाही. पुन्हा दाबले, जवळ जाऊन दाबले, रिमोट हनुवटीला टेकवूनही दाबला, कारण तसे केल्याने लांबवर पोहोचतो असे मी कुठेतरी ऐकले होते, जरी मी गाडीपासून वीतभर अंतरावर उभा होतो.

ही नेहमीची गाडी असती तर बॉनेट उघडून, शेजाऱ्याच्या गाडीला केबल जोडून दहा मिनिटांत विषय संपला असता. या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे आहे आणि बॅटरी पुढे, जिथे इतरांचे इंजिन असते तिथल्या डिकीत. ही पुढची डिकी उघडण्यासाठी दारापाशी एक देखणा खटका आहे, आणि तो विजेवर चालतो. थोडक्यात, डिकी उघडायला वीज हवी, वीज बॅटरीत आणि बॅटरी डिकीत. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट बंद करण्याचा गबाळेपणा आमच्या घरात अधूनमधून होतो. तो कारखान्यातच करून मिळण्यासाठी मी बरेच जास्तीचे पैसे मोजले होते.

बॅटरी मेली कशी, याचा हिशेब मी नंतर वहीत मांडला. गाडी बंद असली तरी तिच्यातला चोरघंटेचा पहारेकरी, रिमोटची वाट पाहणारा कान आणि घड्याळ जागेच असतात. या तिघांनी मिळून नुसता तीस मिलीअँपिअर प्रवाह घेतला, तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या जवळपास खर्च होतो. ८८ दिवसांचे झाले सुमारे ६३, आणि माझी बॅटरी ७० ची. उरलेले सात तिच्या वयाने आणि पुण्याच्या उकाड्याने दस्तुरी म्हणून घेतले असावेत. चोर येऊ नये म्हणून ठेवलेल्या रखवालदाराने तीन महिने घरात बसून कोठार रिकामे केले, एवढाच या गणिताचा अर्थ. आदल्या वर्षी मी शहाणपणा म्हणून महिन्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करीत असे. महिनाभरात बॅटरीतून जेवढे जाते आणि उभ्या गाडीत पाच मिनिटांत जेवढे परत येते, त्यात आपणच घाट्यात राहतो, हे कळेपर्यंत तीही बॅटरी गेली होती.

एव्हाना पार्किंगमध्ये मंडळी जमू लागली होती. दसऱ्याचा दिवस, प्रत्येक जण आपापल्या वाहनाला माळ घालायला आलेला, आणि बंद पडलेल्या महागड्या गाडीइतके मंगल दृश्य मध्यमवर्गाला दुसरे नाही. "धक्का मारू या की!" असे म्हणून चार तरुण अस्तन्या सावरून पुढे आले. आमच्या वडिलांच्या जुन्या फियाटचे निम्मे आयुष्य उतारावर गेले. दुसरा गिअर, क्लच सोडला की गाडी सुरू, आणि तेही न जमल्यास पुढून हँडल घालून फिरवायचे. माझी गाडी आपोआप गिअर बदलणारी असल्याने धक्क्याने सुरू होत नाही, हे सांगताना मला कमालीचा संकोच वाटला. त्या तरुणांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर गांधीजयंती असल्यामुळेच अहिंसक राहिली असावी.

शेवटी आमच्या चौकातल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनला बोलावले. ते सणाच्या दिवशी येणार नाहीत अशी माझी समजूत होती, पण फोनवर गाडीचे वर्णन ऐकताच त्यांच्या आवाजात एक प्रकारची आपुलकी आली. रिमोटच्या पोटात लपवलेली साधी किल्ली त्यांनीच शोधून काढली आणि चालकाचे दार हलक्या हाताने उघडले. हलक्या हाताने अशासाठी की या गाडीची काच दार उघडताना बोटभर खाली सरकते, आणि वीज नसली की ती सरकत नाही. मग त्यांनी पायापाशी असलेली फ्यूजची पेटी उघडून तिच्यातून एक लाल जीभ बाहेर ओढली. "साहेब, कंपनीला माहीत होतं. म्हणून ही चोरवाट ठेवलीय," ते म्हणाले. आजारावर औषध शोधण्याऐवजी रुग्णाच्या खिशात वैद्याचा पत्ता ठेवण्याची ही पद्धत मला थोर वाटली.

शेजारच्या नानांची गाडी जवळ आणली. लाल केबल त्या जिभेला लागली आणि काळी दाराच्या कडीतल्या उघड्या लोखंडाला. त्याच क्षणी तीन महिन्यांची भुकेली चोरघंटा जागी झाली आणि जीव तोडून ओरडू लागली. शुद्धीवर येताच समोर उघडे दार आणि अनोळखी माणूस दिसल्यावर तिने दुसरे काय करावे? वर पहिल्या मजल्यावर देवीची आरती चालू होती. टाळ थांबले, बाल्कनीतून माना बाहेर आल्या. मी रिमोट दाबला, घंटा गप्प झाली आणि पुढच्या डिकीने "टक्" असा अत्यंत सुसंस्कृत आवाज करून तोंड उघडले. टाळ्या पडल्या. मला उगाचच भाषण करावेसे वाटले.

मीटरवर ८.३ व्होल्ट आले. अशा बॅटरीत सहा घरे असतात आणि पूर्ण भरलेल्या घरात सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६ हवेत. "हिला आता जंप देऊ नका. काढून सावकाश चार्ज करा, जगली तर जगली," असा सल्ला देऊन इलेक्ट्रिशियननी बॅटरी सोडवली आणि आम्ही दोघांनी ती वीस किलोंची मूर्ती उचलून लिफ्टपर्यंत नेली. मी परत आलो तेव्हा नाना हात झटकत उभे होते. "अरे, उघडीच टाकून गेलास! उंदीर शिरतात, वायरी खातात," असे म्हणून त्यांनी समोर बोट दाखवले. पुढची डिकी त्यांनी दाबून, दोनदा तपासून, व्यवस्थित बंद केली होती.

बॅटरी घरात आणि डिकी बंद. उद्या बॅटरी भरली तरी ती ठेवायची कुठे? मी नानांकडे पाहिले; ते ऐंशीचे आहेत आणि त्यांच्याच गाडीने मघाशी प्राण फुंकले होते, त्यामुळे मी फक्त "बरं झालं" एवढेच म्हणालो. तोवर त्यांची सून ती गाडी घेऊन माहेरी सोने द्यायला निघूनही गेली होती.

"अहो, माझ्या स्कूटरची बॅटरी नाही का चालणार?" असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा मी हसलो. चार अँपिअर-तासांची ती डबी या जर्मन धुडाचे काय करणार! इलेक्ट्रिशियन मात्र हसले नाहीत. "ताई बरोबर बोलतायत. मघाशी मेलेली बॅटरी मध्ये होती, तीच सगळा करंट गिळत होती. आता गिळायला कोणी नाही. नुसता खटका उघडायला किती लागतंय?" त्यांनी स्कूटरची बॅटरी काढली, केबल लावली, चोरघंटेने दुसऱ्यांदा आरती थांबवली आणि डिकी उघडली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला अजून ऐकू येते.

या वेळी मी कोणावरही विसंबलो नाही. पायातली उजवी कोल्हापुरी काढून डिकीच्या कडीत अशी घट्ट बसवली की कोणत्याही परोपकारी माणसाला ती बंद करता येऊ नये, आणि एका पायाने अनवाणी घरी गेलो. बॅटरी बाल्कनीत पाटावर ठेवून तिला पाच अँपिअरचा चार्जर लावला. सौभाग्यवती निरांजन घेऊन आल्या, पण चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि त्याला ज्योतीचे वावडे असते, म्हणून हळदकुंकवावर भागवले. तळघरात न्यायची झेंडूची माळ स्कूटरला गेली. संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन आम्ही तिच्यावरूनच साऱ्या नातेवाइकांकडे गेलो. ती पहिल्या किकला सुरू झाली आणि मी मागे बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार्जरचा दिवा हिरवा झाला. बॅटरी घेऊन खाली गेलो, तर डिकीतल्या माझ्या चपलेला कोणीतरी काळ्या दोऱ्याने एक लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या होत्या. वॉचमन काका खुर्चीवरून उठून जवळ आले. "साहेब, चप्पल अडकवलीत ते लई बेस केलंत. दृष्टच लागली होती गाडीला. नुसत्या चपलेनं भागणार नाही वाटलं, म्हणून लिंबू मी आणलं."

मी बॅटरी बसवली, आधी लाल तार आवळली, मग काळी. किल्ली फिरवताच इंजिन अशा गर्जनेने सुरू झाले की तळघराच्या भिंती हादरल्या. घड्याळ शून्यावर होते, रेडिओ आपली सारी स्टेशने विसरला होता. वॉचमन काकांनी समाधानाने मान हलवली आणि इंटरकॉमवरून पहिल्या मजल्याला कळवले, "झाली सुरू. लिंबू लागू पडलं." चपलेचे पन्नास रुपये त्यांना द्यावेत की लिंबाचे, हे न समजल्यामुळे मी शंभर दिले.