बाई वकिलाचा सिनेमा घरी लावण्यापूर्वी

रूथ बेडर गिन्सबर्ग या अमेरिकन वकीलबाईंवरचा २०१८ सालचा सिनेमा बघायचाय ना? जरूर बघा. शाहू महाराजांनी १९१७ सालीच विधवाविवाहाचा कायदा केला, तेव्हापासून कोल्हापुरात बायकांचा प्रश्न मिटलेलाच आहे. तरी थोडी पथ्यं पाळलेली बरी.

वेळ रविवार दुपारची धरा. मटण आत शिजत असलं की ज्यांनी हा सिनेमा बघू नये त्या आपोआप आतच राहतात. शिट्ट्यांत संवाद बुडतात, पण तांबडा रस्सा नादखुळा होतो.

सुरुवातीलाच हार्वर्डचं लॉ कॉलेज. १९५६ साल, पाचशेच्या वर्गात नऊ बायका, आणि डीनसाहेब त्यांना जेवायला बोलावून विचारतात, पुरुषांच्या जागा अडवून इथं का आलात? इथं 'काय माणसं होती राव!' म्हणायचं, आत ऐकू जाईल असं. फक्त म्हणताना बायकोच्या कपाटाकडं बघू नका. तिथं तिचा काळा कोट आहे, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा, बाहीला अजून लाँड्रीची चिठ्ठी टाचलेली. सनद त्याच्याच खाली, पोरांच्या लसीकरणाच्या कार्डांजवळ. 'हायकोर्ट पावणेचारशे किलोमीटरवर, प्रॅक्टिस करून करणार काय?' हे उत्तर इतकी वर्षं झकास चाललं. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर बसतंय, तेव्हा नवीन शोधा. आईचे गुडघे चालतील.

आईवरून आठवलं. सिनेमातला खटला ज्याचा, तो डेन्व्हरचा चार्ल्स मॉरिट्झ, बिनलग्नाचा, म्हाताऱ्या आईला सांभाळणारा. तिच्यासाठी बाई ठेवली, त्या खर्चापोटी त्यानं करात ६०० डॉलरची वजावट मागितली. कायदा म्हणाला, तू बाई असतास तर मिळाली असती, विधुर असतास तरी मिळाली असती. १९७२ साली रूथबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं ती केस जिंकली. म्हणजे बघा, सिनेमा बायकांच्या हक्काचा आणि फायदा गड्याचा! पाहुण्यांना हे जरूर सांगा. आई सांभाळणं हे बाईचंच काम असं तो कायदा धरून चालला होता, हे मात्र नको. आपली आई कोण सांभाळतं, असं एखादा विचारायचा.

नवरा मार्टिन स्वतः नाणावलेला करवकील, आणि घरात रांधायचा तोच. तो हातात सुरी घेऊन दिसला की रिमोटचे सेल बदलायला घ्या.

ताई माहेरी आली असेल तर मात्र सिनेमा लावूच नका. उद्या दुय्यम निबंधकांकडं हक्कसोडपत्र आहे. आयडाहोत मयताची मालमत्ता बघायला सारख्याच नात्यातले दोघं पुढं आले तर पुरुषाला आधी मान, असा कायदा होता. तो १९७१ साली रीड खटल्यात सुप्रीम कोर्टानं मोडीत काढला, आणि त्यातली कैफियत लिहिण्यात पुढं ह्याच बाई. ताई दहावीला बोर्डाच्या गणितात तुमच्यापुढं होती. 'दादा, २००५ पासून पोरीलाबी सारखाच वाटा हाय म्हणं?' एवढं तिनं विचारलं, की उसाच्या रानाचा हिशेब नव्यानं.

आधी फोटो आणि अंगठा, मग साडीचोळी, मग सिनेमा. जाताना खिशात ओला रुमाल असू द्या. ताईचा अंगठा मशीनवर लवकर उठत नाही. भांडी घासून घासून रेषा गेल्यात.