लेह आणि जैसलमेरची तयारी एकच कशी?

गाइडसोबत गटाने पळण्याच्या सहलींवरच्या तुमच्या लेखातली माहिती छान आहे, पण त्यात लेह आणि जैसलमेरला एकच तयारी सांगितलीय, ते पटलं नाही. सोलापूरकराला उन्हाची सवय असते, विरळ हवेची नाही. आपण साडेचारशे मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस पळायचं नाहीच. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली तर वर चढणं बंद. त्रास वाढला तर सरळ खाली. कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी पळणं असेल तर पैसे भरू नका.

मांड्या खरं तर चढापेक्षा उतारावर भरून येतात. सिद्धेश्वर तलावाभोवतीच्या फेऱ्यांनी ते भागत नाही. आठवड्यातून एकदा पहाटे तुळजापूरचा घाट गाठा, उतरताना पावलं छोटी ठेवा.

जैसलमेरच्या वाळवंटात बूट अर्धा नंबर मोठा हवा, वर गेटर (वाळू आत शिरू नये म्हणून बुटावर चढवायचं कापडी आवरण). मोज्यात वाळू शिरली की फोड आलाच. चुरचुरायला लागताच थांबा, मोजा झटका, पाय कोरडा करून टेप लावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणणाऱ्याचा दुसरा दिवस गाडीत जातो. मऊ वाळूत दीडपट ताकद लागते, म्हणून किलोमीटर नको, वेळ बघून पळा. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, मिठाची सोय होते (आणि बुफेपेक्षा बरी लागते).

आणि हो, गटाच्या सगळ्यात मागे पळायला वेगळा गाइड असतो का, हे आयोजकांना आधीच विचारा.