चेन लागत नाही

डिसेंबर आला की नागपूरकरांच्या दारी दोन गोष्टी येतात, अधिवेशन आणि थंडी. अधिवेशन आपोआप येतं आणि आपोआप जातं. थंडीसाठी मात्र दिवाण उघडून जॅकेट काढावं लागतं.

माझं जॅकेट गुडघ्याच्याही खाली जातं. तिबेटी स्वेटरवाल्यांकडे घासाघीस करून ते घेतलं, ते निव्वळ आर्सेन वेंगरच्या प्रेमापोटी. लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचा हा मॅनेजर असाच गादीच्या खोळीसारखा कोट घालून मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि त्याची चेन त्याला काही केल्या लागायची नाही. अर्थशास्त्राची पदवी घेतलेला माणूस, पाच-सहा भाषा येणारा. टीम एका गोलनं मागे, दहा मिनिटं उरलेली, जगभरचे कॅमेरे रोखलेले आणि साहेब वाकून रनरशी झटतायत. सोफ्यावर लोळून हसायचो मी.

आता सकाळी साडेसहाला फाटकापाशी गाडी चालू करून मी तेच करतो. चेनचं टोक रनरच्या खाचेत पार तळाशी बसावं लागतं. जॅकेट लांब, म्हणजे टोक गुडघ्यापाशी. वाकलं की हेल्मेट डोळ्यांवर येतं. हेल्मेट सावरायला हात वर नेला की टोक सुटतं. मागे पोरगा, "बाबा, लेट होऊन रायलं ना!" एखाद्या दिवशी सर्रकन गळ्यापर्यंत लागते. मी खूश. चौकातल्या सिग्नलला बघतो तर रनर वरच, आणि खालून सगळी चेन उघडत आलेली. आर्सेनलचे कित्येक हंगाम अगदी असेच गेले. फेब्रुवारीपर्यंत वर, मार्चपासून खालून उघडायला सुरुवात.

बाबांना वेंगर कधी कळला नाही. 1996 साली तो जपानमधल्या नागोयाच्या क्लबातून लंडनला आला, असं मी सांगत होतो. पेपरातून डोकं न काढता बाबा म्हणाले, "नागपूरचा पोरगा लंडनले गेला, अन् तू पाय इथंच पसरून बसून."

पण काय दिवस होते! 2003-04 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे 38 सामने, 26 जिंकले, 12 बरोबरीत, हार शून्य. पुढे ती मालिका 49 सामन्यांपर्यंत गेली. मग क्लबनं नवं स्टेडियम बांधलं, 2006 मध्ये तिकडे राहायला गेले आणि कर्ज काढून घर बांधणाऱ्याचं जे होतं तेच झालं. बंगला टोलेजंग, आत बसायला खुर्ची नाही. चांगला खेळाडू तयार झाला की विका, हप्ता भरा. तशातही हा माणूस टीमला दरवर्षी पहिल्या चारात ठेवायचा. सलग 20 हंगाम! आम्ही पानठेल्यावर खर्रा घोटत म्हणायचो, "चौथा नंबर म्हणजे काय ट्रॉफी आहे का बे?"

28 ऑगस्ट 2011 ला मँचेस्टर युनायटेडनं आम्हाला 8-2 नं धुतलं. पोळ्याचेच दिवस होते. त्याच आठवड्यात मारबत, म्हणजे गावाची ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली आणि महालातल्या त्या गर्दीत लोक 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत असताना मी घसा फोडून जोड दिली, "वेंगरलेही घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या आजींना वाटलं, नवीन ताप आला असेल एखादा. त्यांनीही माझ्यामागोमाग म्हटलं.

मारबतीनं ऐकलं, पण आपल्याकडच्या कामासारखं, सात वर्षांनी. 6 मे 2018, घरच्या मैदानावर त्याचा शेवटचा सामना. बर्नलीला 5-0 हरवलं. इकडे मे महिन्याची रात्र, कूलर गरम हवा फेकतोय आणि मी बनियनवर बसून डोळे पुसतोय. बायकोनं विचारलं, "अहो, कोण गेलं?" म्हटलं, घाम आहे. पुढचे चार हंगाम आमचा नंबर पाचवा, आठवा, आठवा, पाचवा. पानठेल्यावर चौथ्या नंबराला हसायला कोणी उरलं नाही.

तर ही चेन. मेणबत्ती घासून झाली, साबण लावून झाला. बायको म्हणाली, "नवीन घ्या, नाहीतर मीच हे भांडेवालीले देते." शेवटी सीताबर्डीत फुटपाथवर बसणाऱ्या एका चेनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पक्कडीनं रनर दोन्हीकडून हळूच दाबला, दोनदा वर-खाली ओढून पाहिला.

"दात चांगले आहेत भाऊ. रनर ढिला झाला. इतकं जीव लावून रायले या जॅकेटले?"

मी सगळं सांगितलं. कोट, लंडन, 22 वर्षं, 3 लीग, 7 एफए कप. काका पक्कड हातात धरून ऐकत राहिले.

"अन् चेन त्यालेही लागत नव्हती?"

"नव्हती."

"पण काम बराबर करत होता?"

"हो."

"मंग काढला काऊन त्याले?"

मी तीस रुपये दिले आणि जॅकेट घातलं. चेन पोटापर्यंत आली आणि अडकली.