"तीन मशीनवर तीन रूपं, ढिसाळ काम" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला तुम्ही दोन तारे दिलेत. मॅकवर अक्षर बारीक, उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवर) मात्रा कापलेल्या, आणि "बटणं विंडोजवर एक तर मॅकवर उलटी, कुणी झोपेत बसवलीत, माझं बिल उडालं" असं लिहिलंत.

अक्षरांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, माफ करा. माप आम्ही 9 पॉइंट दिलं होतं (पॉइंट म्हणजे इंचाचा 72वा भाग). विंडोज इंचाला 96 पिक्सेल धरतो, तिथे ते 12 पिक्सेल होतं. मॅक 72 धरतो, तिथे 9च राहतं. शिवाय तक्त्यातल्या ओळीची उंची 22 पिक्सेलवर बांधलेली होती. विंडोजवर मराठी 'निर्मला यूआय' या फॉन्टमध्ये उमटतं, उबुंटूवर मशीनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल त्यात, आणि प्रत्येकाची उंची वेगळी. 'मूर्ती'सारख्या शब्दाला वर वेलांटी-रफार, खाली ऊकार. तो तिथे मावला नाही. ही चूक आमचीच.

बटणांचं मात्र मनाला लागलं, कारण ती विचार करून तशी ठेवली आहेत. विंडोजवर 'ठीक आहे' आधी, 'रद्द करा' नंतर. मॅकवर मुख्य बटण उजव्या टोकाला, 'रद्द करा' त्याच्या डावीकडे. तुमच्याच मॅकवर टेक्स्टएडिट उघडून कमांड-पी दाबा, 'प्रिंट' उजव्या टोकालाच दिसेल. लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी गनोम मॅकची रीत पाळतो, केडीई विंडोजची. खिडक्या-बटणं बांधायला आम्ही क्यूटी नावाचं तयार साधन वापरतो, त्यात बटणाची जागा सांगायची नसते, काम सांगायचं असतं: हे होकाराचं, हे नकाराचं, हे जतन न करता बंद करायचं. क्रम क्यूटी त्या त्या सिस्टीमप्रमाणे लावतं. सगळीकडे एकच क्रम ठोकून देणं आम्हाला उलट सोपं होतं. पण मग रोज मॅकवर बसणारा माणूस सवयीने उजवीकडे दाबणार आणि त्याचं बिल जाणार. 'सेटिंग्ज' मॅकवर वर सॉफ्टवेअरच्या नावाच्या मेनूत (कमांड-स्वल्पविराम) आणि विंडोजवर 'साधने'मध्ये, तेही याचसाठी. तुमचं बिल गेलं याचं वाईट वाटतं, पण दोन्ही बटणांवर मराठीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तारे देण्याआधी एक फोन केला असतात तर हे तेव्हाच सांगता आलं असतं. नवं गिऱ्हाईक आमच्याकडे ते तारे बघूनच येतं.

पुढच्या अपडेटमध्ये मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट सॉफ्टवेअरसोबतच देतो, म्हणजे तिन्हीकडे अक्षर एकच राहील, आणि ओळीची उंची फॉन्टवरून मोजली जाईल. 'ठीक आहे'च्या जागी 'बिल जतन करा' असं लिहू. तिन्हीकडे एकसारखं रंगरूप हवं असेल त्यांना क्यूटीची 'फ्यूजन' शैली निवडता येईल असंही करायचं आहे. गडद रंगसंगतीचंही बघतो.

तोवर मॅकवर सेटिंग्जमध्ये अक्षराचं माप 9 ऐवजी 12 करा, विंडोजइतकंच दिसेल. अपडेट आल्यावर एकदा वापरून पाहा आणि मग तारे ठरवा, एवढी विनंती.