गूळ, ओला रुमाल आणि टाकीत सोडलेला दिवा : कामगारांत फिरणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ अशा रासायनिक पट्ट्यांतील कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक सल्ला पुन्हापुन्हा फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो : शिफ्टनंतर गूळ खाऊन दूध प्यायले की शरीरात गेलेले केमिकल निघून जाते, वास येत नसेल तर वायू नाही असे समजावे, तोंडाला ओला रुमाल बांधला की वेगळ्या मास्कची गरज नाही, टाकीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहावा आणि तो विझला नाही तर खुशाल उतरावे, अंगावर अॅसिड पडलेच तर खाण्याचा सोडा लावावा. हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याविषयी मला शंका नाही. परंतु यांतील वासाचा आणि दिव्याचा सल्ला थेट जीव घेणारा आहे, आणि बाकीचे सल्ले खऱ्या संरक्षणाची मागणी करण्यापासून माणसाला परावृत्त करतात.

गुळाच्या समजुतीला एक धागा विज्ञानाचा आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील संशोधकांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फुप्फुसांत कोळशाची आणि सिलिकाची धूळ सोडलेल्या उंदरांना गूळ दिल्यावर ते कण फुप्फुसांबाहेर जाण्यास मदत होते असे आढळले होते. हा प्रयोग उंदरांवरचा आणि घन कणांविषयीचा होता. टोल्युइन, बेंझिन यांसारख्या सॉल्व्हंटच्या, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांच्या, वाफा फुप्फुसांतून काही क्षणांत रक्तात मिसळतात. अन्ननलिकेतून जठरात गेलेला गूळ किंवा दूध तिथे काहीही करू शकत नाही. शिवाय शिसे किंवा इतर विषारी भुकटी हाताळलेल्या हातांनी प्लॅंटमध्येच गूळ खाल्ला, तर तो हातावरचे विष पोटात नेतो.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांनी गूळ-दुधावर तीस वर्षे काढली, त्यांना काही झाले नाही. बेंझिनमुळे होणारा रक्ताचा कर्करोग वर्षानुवर्षांनी दिसतो आणि अॅस्बेस्टॉसचे आजार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी. ज्यांना दम लागू लागला ते काम सोडून गावी गेले. खात्यात दिसतात ते टिकून राहिलेले लोक, आणि त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष गेलेल्यांचा हिशेब धरत नाही. वाफ जिथे निर्माण होते तिथेच ती ओढून घेणारी एक्झॉस्ट व्यवस्था बसवण्याऐवजी गूळ वाटणे कमालीचे स्वस्त पडते, हेही इथे सांगितलेच पाहिजे.

वासाचा मुद्दा सर्वांत घातक आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाक्यांत आणि गाळात तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी असताना सडक्या अंड्यांसारखा उग्र वास देतो. प्रमाण शंभर भागांच्या आसपास पोहोचले की वासाची जाणीवच बधिर होते. कामगाराला वाटते की वायू निघून गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो, आणि हजार भागांच्या जवळ काही श्वासांत माणूस कोसळतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. रिअॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनांची अभिक्रिया घडवण्याच्या बंद भांड्यात, आग लागू नये म्हणून भरला जाणारा नायट्रोजनही गंधहीन असतो. तो विषारी नाही, पण प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच बेशुद्ध पडतो. 1984 च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये गळलेल्या मिथिल आयसोसायनेटचा वास नाकाला कळू लागतो तो कामाच्या जागी मान्य असलेल्या मर्यादेच्या सुमारे शंभर पटींवर. अशा पदार्थाबाबत वास येईपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर करणे होय.

ओल्या रुमालात थोडे तथ्य आहे. अमोनिया किंवा हायड्रोजन क्लोराइड पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे गळती झाल्यावर वाऱ्याला आडवे पळताना नाकावर ओले फडके असणे काहीच नसण्यापेक्षा बरे. पण ते पळण्यापुरतेच, काम करण्यासाठी नव्हे. सॉल्व्हंटच्या वाफा आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातात. कोरोनाकाळापासून घरोघरी पोहोचलेला एन-95 मास्कही धूळ अडवतो, वायू अडवत नाही. त्या-त्या वायूसाठी ठरलेले कार्ट्रिज, म्हणजे मास्कला जोडायची वायू शोषणारी डबी, लागते, आणि प्राणवायूच कमी असेल तर कोणतेही कार्ट्रिज निरुपयोगी. तिथे बाहेरून हवा पुरवणारा संचच हवा.

दिव्याची रीत विहिरीवरून आली आहे. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि प्राणवायू फारच कमी असेल तर तो विझतोही. मात्र ज्योत साधारण 16 ते 17 टक्के प्राणवायूपर्यंत जळत राहते, तर 19.5 टक्क्यांखालची हवा माणसासाठी अपुरी मानली जाते. हायड्रोजन सल्फाइडचे ते जीवघेणे हजार भाग म्हणजे हवेचा अवघा 0.1 टक्का; ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि टाकीत टोल्युइन असेल तर? त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड असल्याने तळाशी साचते आणि हवेत जेमतेम सव्वा टक्का झाली तरी पेट घेऊ शकते. तिथे दिवा सोडणे म्हणजे टाकीला आग लावणे आहे.

टाकीत उतरायचे तर तिला जोडलेल्या सगळ्या लाइन ब्लाइंड (पाइपच्या जोडात बसवायची बंद चकती) लावून बंद कराव्या लागतात, ब्लोअरने हवा खेळवावी लागते आणि गॅस मीटरने वर, मध्ये आणि तळाशी मोजणी करावी लागते : आधी प्राणवायू, मग ज्वलनशील वाफा, मग विषारी वायू. काम चालू असतानाही मोजणी थांबवायची नाही. याशिवाय लेखी परमिट, अंगात हार्नेस (दोर अडकवायचे पट्टे), दोर आणि मॅनहोलवर सतत उभा असलेला माणूस हेही लागते. त्या माणसाने आत पडलेल्याला दोराने वर ओढायचे आणि मदत बोलवायची. श्वसनसंचाशिवाय स्वतः उडी घ्यायची नाही. अमेरिकेतील नायॉश या सरकारी संस्थेच्या 1986 च्या इशारापत्रकानुसार अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. एकामागोमाग तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपल्याकडेही दरवर्षी येतात, आणि त्यांतले बहुतेक जण सोबत्याच्या मायेने आत शिरलेले असतात.

सोड्याबाबत थोडक्यात. सोडा शोधण्यात जाणारा वेळ त्वचेला भोगावा लागतो. कपडे काढून लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे उभे राहावे, डोळेही तितकाच वेळ धुवावेत. कोरडा चुना अंगावर पडला असेल तर आधी झटकावा, मग पाणी घ्यावे. हायड्रोफ्लुओरिक अॅसिड असेल तर धुतल्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावावे लागते आणि दवाखान्यात जावेच लागते, कारण सौम्य द्रावणाची वेदना चोवीस तासांपर्यंत उशिराने सुरू होऊ शकते.

कोणत्या रसायनाला काय लागते हे त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकात, म्हणजे एसडीएसमध्ये, लिहिलेले असते : चौथ्या भागात प्रथमोपचार, आठव्या भागात मास्क आणि हातमोजे. भोपाळनंतर 1987 साली कारखाने कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कामाच्या जागेच्या सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला, आणि नव्या कामगार संहितेतही तो आहे. कंत्राटी कामगारानेही ते पत्रक मागावे, आणि ते इंग्रजीत असेल तर सेफ्टी ऑफिसरकडून हे दोन भाग मराठीत समजावून घ्यावेत, ड्रमचे झाकण उघडण्याआधी.