'नियमांचा जमाना संपला' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंत की नियम आणि तर्काच्या जोरावर यंत्राला शहाणं करायचा प्रयोग चाळीस वर्षांपूर्वीच फसला, आता न्यूरल नेटवर्क (उदाहरणं पाहून शिकणारी संगणकीय रचना) सगळं आपलं आपण शिकतं, आणि नियम अजून कामाचे आहेत असं म्हणून मी उगाच जुनी मढी उकरतोय. निम्मं मला मान्य आहे. 1970च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या 'मायसिन' या संगणक-प्रोग्राममध्ये जंतुसंसर्गाबद्दलचे काहीशे नियम होते, तज्ज्ञ डॉक्टरांना विचारून विचारून हाताने लिहिलेले. 1984 साली संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनट यांनी 'साइक' या प्रकल्पात तर साधं व्यवहारज्ञानच लिहून काढायला घेतलं. माणसाला जे कळतं ते सगळं त्याला सांगता येत नाही, तिथे गाडी अडली.

पण 'फसला'वरून तुम्ही थेट 'संपला'वर येता, ते मला पटत नाही.

शाळेतला समद्विभुज त्रिकोण आठवा. पक्ष: दोन बाजू समान. साध्य: त्यांच्यासमोरचे कोन समान. आकृतीकडे नुसतं बघून काही सुचत नाही. मग बाई पायाचा मध्यबिंदू घेऊन शिरोबिंदूला जोडायच्या, एकाचे दोन त्रिकोण व्हायचे, बाबाबा कसोटी लावली की सिद्धता पुरी. ती रेघ सुचणं हे एक काम, कसोटी लावणं हे दुसरं. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या गूगल डीपमाइंडच्या 'अल्फाजॉमेट्री' या भूमिती सोडवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही कामं वाटून दिलेली आहेत: रेघ सुचवतं भाषा मॉडेल (पुढे काय यावं याचा अंदाज बांधणारं न्यूरल नेटवर्क), पायरी-पायरीने निष्कर्ष काढतं नियमांवर चालणारं इंजिन. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शालेय स्पर्धेतल्या भूमितीच्या 30 प्रश्नांपैकी 25 सुटले. नुसत्या इंजिनने 14 सोडवले होते. जीपीटी-4 या नुसत्या भाषा मॉडेलने एकही नाही.

आणि तुम्ही ज्या 'आपलं आपण शिकण्या'चं कौतुक करता, त्यासाठी या मॉडेलला लागलेली सुमारे 10 कोटी उदाहरणं कुठून आली? त्याच इंजिनातून. वाटेल तशा आकृत्या घ्यायच्या, त्यांतून काय काय सिद्ध होतं ते काढायचं, तोच अभ्यास. माणसाने लिहिलेली एकही सिद्धता त्यात नव्हती.

भूमितीत गृहीतकं नेमकी असतात, दवाखान्यात तशी नसतात, त्यामुळे तिथेही हे असंच जमेल असा माझा दावा नाही. पण औषध सुचवणाऱ्या यंत्राला "कशावरून?" असं विचारता आलं पाहिजे, हा आग्रह मी सोडणार नाही. मायसिनला "का?" विचारलं की ते आपण कोणत्या नियमाने चाललोय तो नियम दाखवायचं. आजचं मॉडेलही कारण देतं, छान शब्दांत देतं. उत्तर खरंच त्या कारणावरून निघालं का, हे मात्र त्या शब्दांवरून कळत नाही.